गाडी ओळख देईना

गावाचं नाव मी लिहिणार नाही. सावली तालुक्यातलं आहे आणि एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली वसलंय, एवढं पुरे. नाव लिहिलं तर पार्बताबाईंची पंचक्रोशीत चेष्टा होईल, आणि जिच्या हातचा मासोळीचा रस्सा मी दोन दिवस ओरपला त्या बाईला असं उघडं पाडणं बरं नाही. बाकी सगळं जसं घडलं तसं सांगते.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, पंचविशीत असताना या भागात कालवा निरीक्षक होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. तिथून थेट पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत बदली झाली तेव्हा आजीनं म्हणे दोन दिवस चूल पेटवली नव्हती. नाना मात्र तिथे रमले. लहानपणी आम्हाला त्यांच्याकडून रामायण-महाभारत कमी आणि तलाव, पाट, ढिवर, धान हेच जास्त ऐकायला मिळालं. गेल्या वर्षापासून नाना विसरायला लागले. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलंय. घरात आम्ही ‘नानांचा विसरभोळेपणा’ म्हणतो, कारण ते लांबलचक नाव कोणालाच घ्यावंसं वाटत नाही.

नाना पुण्याला माझ्या धाकट्या भावाकडे, निखिलकडे राहतात. मी नागपूरला बँकेत. महिनाभर नाना माझ्याकडे आले आणि आल्या दिवसापासून एकच धोशा: डोमाजीला भेटायचंय. डोमाजी हा त्यांचा तरुणपणीचा ढिवर, म्हणजे मासेमार, मित्र. निखिलला फोनवर सांगितलं तर तो उखडलाच. शेवटी कसाबसा कबूल झाला, पण अटीवर. म्हणाला, “ताई, हे शेवटचं समज. एकदा जरी त्यांनी काही हरवलं, चुकले, गोंधळ घातला, तर यापुढे त्यांचं फाटकाबाहेर जाणं बंद. मला रोज ऑफिसात बसून धाकधूक सोसत नाही.” निखिल वाईट नाही. नाना एकदा भाजी आणायला जाऊन संध्याकाळपर्यंत परतले नव्हते, त्या दिवशी त्याच्या जिवाचं काय झालं असेल ते मी समजू शकते. मी ‘बरं’ म्हटलं.

नागपूर ते मूल

मला चारचाकी येत नाही. होती ती निखिलचीच मोटरसायकल. पुण्याला बदली झाली तेव्हा तो ती माझ्याकडे ठेवून गेला. जाताना चावी हातात देऊन त्यानं भाषणच दिलं होतं. या चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात चिप आहे, गाडी ती चिप ओळखते तेव्हाच सुरू होते, चोरानं कशीही चावी बनवली तरी उपयोग नाही. त्याला इमोबिलायझर म्हणतात. चावी हरवलीस तर कोड लागेल, तो कोड एका पत्र्याच्या पट्टीवर आहे, आणि ती पट्टी आणि दुसरी चावी माझ्या कपाटात पुण्याला सुरक्षित आहेत. मी तेव्हाच विचारायला हवं होतं की गाडी नागपुरात आणि तिची दुसरी चावी पुण्यात, यात सुरक्षित नक्की कोण? पण धाकटे भाऊ बोलायला लागले की आपण मान डोलावतो.

मार्गशीर्षातली थंडी होती. नानांना कानटोपी, मफलर, वर माझा जुना रेनकोट असं गुंडाळून मागे बसवलं. उमरेड, भिवापूर, नागभीड मागे पडलं आणि रस्त्याच्या कडेला कापलेल्या धानाचे भारे दिसू लागले. आमच्याकडे या दिवसांत ज्वारी डुलत असते. इथे जिकडे पाहावं तिकडे बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, आणि बांध्यांच्या पलीकडे जंगल.

सिंदेवाहीला चहाला थांबलो. तिथून निघून पाच मिनिटं झाली नसतील, तोच नानांनी पाठीवर थाप मारली. “चहा घ्यायला थांबायचं का गं कुठे?” मी आरशात पाहिलं. चेहरा अगदी साधा, प्रामाणिक. मी म्हटलं, “पुढे थांबू.” आणि मूलपर्यंत एकच हिशेब मनात चालला होता, की हे मी केलं ते धाडस म्हणायचं की बावळटपणा. रस्ता जंगलातून जात होता, वाघाच्या पाट्या येत होत्या, आणि मला भीती मात्र मागे बसलेल्या माणसाची वाटत होती. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

तलावाखालचं गाव

मूल सोडून सावलीच्या रस्त्याला लागलो आणि नाना जागे झाले. जागे म्हणजे खरोखरच. “आता डावीकडे एक मोह येईल, तिथून आत.” मोहाचं झाड नव्हतं, त्या जागी मोबाईलचा टॉवर होता. पण आत जाणारा रस्ता बरोबर तिथेच होता. माझ्या छातीवरचं अर्धं ओझं उतरलं.

डोमाजीभाऊ ओसरीत जाळं विणत बसले होते. सुकलेले, काटक, पांढरेशुभ्र केस. डोळ्यांवर हात धरून बघत राहिले, मग जाळं टाकून उठले. “साहेब! वळखलं का जी मले?”

मी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, “डोमाजी, लेका, तुही मिशी कुठी गेली?”

मग काय विचारता! मला माहीत असलेले नाना तिथल्या तिथे नाहीसे झाले आणि झाडीबोली बोलणारा एक कालवा निरीक्षक खाटेवर मांडी ठोकून बसला. डोमाजीभाऊंच्या पत्नी, पार्बताबाई, पदर सावरत बाहेर आल्या. ठेंगण्या, मोठं कुंकू, बोलणं तोफखान्यासारखं. “माय वो! साहेब आले का? अना हे पोरगी? बाई, तुह्या बापानं या घरी किती भात खाल्ला त्याचा हिसाब नाई.”

रात्रीच्या जेवणात तलावातल्या मासोळीचा रस्सा, लाखोरीची डाळ आणि भात. मी सवयीनं भाकरी येईल म्हणून थांबले, तर ताटात आणखी भात आला. आमच्याकडे भात शेवटी येतो, तोंडी लावल्यासारखा. इथे तो सुरुवातीला येतो, मध्ये येतो आणि शेवटीही येतो. रश्श्यावर भरपूर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर.

“उद्या सकाळी निघायचं आम्हाला,” मी म्हटलं. बेत असा होता की चामोर्शीला जायचं, मार्कंड्याचं देऊळ बघायचं आणि परत फिरायचं. निखिलला तसा शब्द दिला होता.

पार्बताबाईंचा वाढता हात थांबला. “उद्या? असं कसं जी? उद्या तलावात जाळं टाकून राह्यले. ताजी मासोळी खाऊन जा.”

“नाई बाई,” नाना म्हणाले. “पोराले शब्द देल्ला.”

“तुमी तवाबी असेच करत होते,” त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

झोपायच्या आधी नानांच्या गोळ्या काढायच्या होत्या. डबा गाडीच्या सीटखाली होता आणि मी अंगणात हात धूत होते. नानांना चावी दिली. त्यांनी सीट उघडलं, डबा काढला, आत गेले. मी विचारलं, “चावी?” “खुंटीला लावली.” मी पाहायला गेले नाही. दिवसभर गाडी चालवून पाठ मोडली होती.

रिकामी खुंटी

सकाळी खुंटीवर माझा मफलर होता, नानांची पिशवी होती, चावी नव्हती.

आधी मी शांतपणे शोधलं. मग भरभर शोधलं. मग अंथरुणं झटकली, नानांचे खिसे उलटे केले, गोळ्यांचा डबा रिकामा केला, अंगणातला पाचोळा हातानं चाळला. शेजारच्या दोन बायकाही येऊन शोधू लागल्या. चावीचं डोकं काळं, जमीन शेणानं सारवलेली, पडली असती तर दिसली असती.

“नाना, नीट आठवा. रात्री उठला होतात का? बाहेर गेला होतात?”

नाना खाटेवर बसून माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “तू आधी व्हॉल्व्ह बघ.”

“कसला व्हॉल्व्ह?”

“सायकलचा. व्हॉल्व्ह काढून ठेवला असेल.”

अंगणात मोटरसायकल उभी आणि नानांना सायकल दिसतेय! डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं एकदम आठवलं: काळ सरमिसळ होईल, जुनं आजचं वाटेल. मी जरा जोरातच बोलले, “नाना, सायकल नाहीये ती. मोटरसायकल आहे. तिला चावी लागते आणि ती तुमच्याकडे होती.”

थोड्या वेळानं पार्बताबाई पाण्याचा हंडा घेऊन आल्या तेव्हा ते त्यांनाही म्हणाले, “पार्बताबाई, व्हॉल्व द्या ना जी आता.” बाईंच्या हंड्यातलं पाणी हिंदकळलं. त्या तशाच मागच्या दारी गेल्या. मला वाटलं, आपल्या साहेबाची ही अवस्था बघून बिचारीला गलबलून आलं असेल.

त्यांचा मुलगा विलास घरी नव्हता. गावातली धानगिरणी बंद पडली होती, म्हणून पहाटेच ट्रॅक्टरवर घरचे धानाचे कट्टे, म्हणजे पोती, टाकून तो मूलच्या राईस मिलला गेला होता. डोमाजीभाऊंनी त्याला फोन लावला आणि त्यानंच मूलहून एक चाबीवाला पाठवून दिला.

चाबीवाला

सिद्धार्थ नावाचा हा गृहस्थ आपल्या फटफटीवरून धुरळा उडवत आला. “जय भीम, ताई. टेन्शन नोका घेऊ. मूल-सावलीत अशी गाडी नाई का जिची चाबी म्या बनवली नाई. ठाणेदाराच्या गाडीचीबी म्याच बनवली.” त्यानं पेटी उघडली, कोरी चावी कुलपात घालायची, काढायची, उजेडात धरायची, कानस मारायची, असं सुरू केलं. कानशीच्या प्रत्येक घासेबरोबर तो आपल्या पराक्रमाची एक गोष्ट सांगे. अर्धं गाव भोवती जमलं. पार्बताबाईसुद्धा दारात येऊन उभ्या राहिल्या आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल दिसला.

दुपारच्या आत चावी तयार. हँडलचं कुलूप खट्कन उघडलं. सीट उघडलं. गावकऱ्यांनी ‘व्वा’ केलं. सिद्धार्थनं कॉलर ताठ केली आणि चावी पुढे फिरवून बटण दाबलं.

काही नाही. समोरच्या काचेत चावीच्या आकाराचा एक लाल दिवा लुकलुकायला लागला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. त्यानं पेट्रोल पाहिलं, बॅटरी पाहिली, एक वायर हलवली. मग त्याचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं, आणि मला निखिलचं भाषण आठवलं. मी सकाळीच सांगायला हवं होतं, पण घाबरलेल्या माणसाला वाटतं की न सांगितलं तर कदाचित तसं होणार नाही.

“चिप आहे का त्यात?” मी विचारलं.

“अरे बापा!” त्यानं कपाळावर हात मारला. “आधी सांगा लागत होतं ना ताई! दांते तर बरोबर बसले, पण गाडी वळखून नाई राह्यली. चाबी लावली का गाडी इचारते, तू कोण? आतल्या चिपनं जवाब देल्ला तरच चालू होते. माह्या चाबीत चिपच नाई, त जवाब कोण देईन?”

त्यानं चंद्रपूरच्या कोणा मित्राला फोन लावला. कोडची पट्टी असेल तर नवी चिपवाली चावी मागवून गाडीला तिची ओळख करून देता येते. पट्टी नसेल तर गाडीचा कॉम्प्युटरच बदलायचा. “पट्टी कुठी हाय, ताई?”

“पुण्याला.”

“मंग पुण्याले फोन लावा.”

एवढं सोपं होतं ते. मी मोबाईल हातात धरून अंगणात तुळशीपर्यंत गेले आणि परत आले. पुण्याला फोन लावायचा म्हणजे निखिलला सांगायचं, नानांनी चावी हरवली. एकदा जरी त्यांनी काही हरवलं, तर. शब्द त्याचे होते, ‘बरं’ माझं होतं.

ओट्याच्या टोकाला

रेंज ओट्याच्या एकाच टोकाला येत होती, तीही फोन स्पीकरवर टाकला तर ऐकू येईल इतपत. नाना जवळच बसले होते. मी निखिलला सांगितलं की चावी हरवली.

“कोणाच्या हातून?”

“माझ्या.”

“ताई, शेवटी कोणाकडे होती? खरं सांग.”

मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात नानांनी माझ्या हातातून फोन घेतला. “निखिल, चावी माझ्या हातून हरवली बाबा. ताईला बोलू नकोस.”

निखिल ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचा आवाज एकदम मऊ झाला, आपण लहान मुलाशी बोलतो तसा. “असू दे नाना. मी उद्या दुसरी चावी घेऊन येतो. मग आपण दोघं विमानानं घरी जाऊ हं.” आणि मग मला: “आता पुरे, ताई. यापुढे नाही.”

फोन ठेवला. मी नानांना विचारलं, “तुम्हाला आठवतंय का, हरवल्याचं?”

“नाही गं. मला खुंटीला लावल्याचं आठवतंय.” ते आपल्या हातांकडे बघत होते. “पण माझ्या आठवणीवर आता कोणी विश्वास ठेवायचा? मीच ठेवत नाही.”

मला रडू फुटलं. नाना उठले, डोमाजीभाऊंनी त्यांचा हात धरला आणि दोघं म्हातारे तलावाच्या पाळीकडे चालू लागले. सिद्धार्थ गुपचूप आपली पेटी आवरत होता.

पार्बताबाई दारात उभ्याच होत्या. “बाई,” त्यांनी विचारलं, “पोरगा साहेबाले घेऊन काऊन जाऊन राह्यला?”

मी सांगितलं. नानांचा आजार सांगितला, निखिलची अट सांगितली, फाटक सांगितलं. चावी हरवली म्हणजे नानांचं आता काही खरं नाही, असंच सगळे धरतील, तेही सांगितलं. “म्हणजे साहेब आता कवाच नाई येणार?” “नाही येणार, काकू.”

त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या. “माय वो, हे का केलं म्या! साहेबानं नाई हरवली चाबी. म्या लपवली जी.”

मला काही कळेना. सिद्धार्थच्या हातातली कानस तशीच राहिली.

“साहेब सायकलवर याचे ना, तवाबी म्या असंच करत जाओ. सायकलचा व्हॉल काढून धानात लपवाची. हवा नाई त साहेब जाते कुठी? जेवण झालं का देऊन द्याची. आमच्या इथी लाडाच्या पाहुण्याले तसंच जाऊ देत नाई. काल रातीबी खुंटीवरची चाबी काढली अना ओसरीतल्या धानाच्या कट्ट्यात टाकली. म्हणलं, मासोळी खाऊन निघतीन तवा देईन. सकाळी पायते त कट्टाच नाई! पोरानं ट्रॅक्टरवर टाकून नेला.”

“मंग काऊन नाई सांगतलं, काकी?” सिद्धार्थ जवळजवळ ओरडलाच.

“तू आला ना! म्हणलं, नवी चाबी बनून राह्यली, आता जुनीसाठी कायले तोंड उघडू? मले का मालूम, गाडी चाबीले वळखते म्हणून?”

सायकलचा व्हॉल्व्ह. नानांनी दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा मला आणि दुसऱ्यांदा थेट चोराला! पार्बताबाई सोडल्या तर अख्ख्या गावात एकाच माणसाला चावी कुठे गेली ते ठाऊक होतं, आणि त्यालाच आम्ही वेड्यात काढलं होतं. आनंद झाला, शरम वाटली आणि लगेच पुढची धडकी भरली: कट्टा मिलमध्ये आहे. गाडीची चिप आता तांदूळ होण्याच्या रांगेत उभी आहे.

मूलची राईस मिल

विलासचा फोन वाजत होता, उचलत नव्हता. “मिलच्या आवाजात कायचा आयकू येते त्याले! बसा ताई,” सिद्धार्थ म्हणाला. त्याला तसंही उजेडात परतायचं होतं. वाटेत जंगलाचा पट्टा आहे, आणि संध्याकाळ झाली की तिथे कोणी एकट्यानं गाडी घालत नाही. फटफटीवर मागे बसून मी पूर्ण वाटभर मनात एकच म्हणत होते, रांग मोठी असू दे, देवा, रांग मोठी असू दे.

रांग मोठी होती, पण ती आता संपली होती. मिलच्या शेडमध्ये कोंड्याचा धुरळा भरला होता, माणसं नुसती सावल्यांसारखी हलत होती. विलास रिकामे कट्टे झटकून घडी घालत होता.

“धान कुठंय?” मी किंचाळले.

“टाकलं ना आताच. काऊन?”

सिद्धार्थनं त्याच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. “चाबी? कट्ट्यात? माय पागल झाली का?” विलास धावला. मिलवाल्यानं खटका ओढला आणि यंत्र घरघरत थांबलं. त्या शांततेत माझे कान वाजत होते.

मिलवाला अंगापिंडानं दांडगा, भुवयांपर्यंत कोंड्यानं माखलेला. त्यानं भिंतीवरचा एक खिळा दाखवला. धानातून निघालेल्या वस्तू तिथे टांगलेल्या होत्या: विळ्याचं टोक, एक पैंजण, दोन-तीन किल्ल्या. मी एकेक पाहिली. आमची नव्हती.

“मंग चाळणीवर असन,” तो म्हणाला. “नाई त आत.” आत म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पहिली चाळणी ओढून बाहेर काढली. वर काड्या, ढेकळं, सुतळीचे तुकडे, खडे. विलासनं दोन्ही हातांनी ते उपसलं आणि सुतळीच्या गुंत्यात अडकलेली काळी चावी वर आली. डोक्याचा एक कोपरा उडाला होता. मी ती हातात घेऊन तिच्यावरचा कोंडा फुंकला.

सिद्धार्थनं ती कानाशी नेऊन हलवली. “चिप हालून नाई राह्यली. म्हणजे जागेवर असन. पण फुटली असन त सांगता नाई येत.” त्याला म्हटलं, असं बोलू नका हो.

तो मूलचा असूनही मला परत सोडायला आला. जंगलाच्या तोंडाशी चार-पाच गाड्या एकमेकींसाठी थांबल्या होत्या, त्यांच्या सोबतीनं पट्टा पार केला. अंगणात शिरलो तेव्हा नाना आणि डोमाजीभाऊ ओसरीत बसून ताजी मासोळी साफ करत होते. पार्बताबाई मात्र आतून बाहेर येईनात.

मी चावी लावली. फिरवली. लाल दिवा लागला. मी त्याच्याकडे बघत राहिले, सगळं अंगण बघत राहिलं. तो एकदा लुकलुकला आणि विझला. बटण दाबलं आणि गाडी धडधडून सुरू झाली. सिद्धार्थनं अशी आरोळी ठोकली की गाडीला जणू त्यानंच जन्म दिला होता.

नाना जागचे उठलेही नाहीत. हातातली मासोळी पालथी करत म्हणाले, “कुठे होता व्हॉल्व्ह?”

“धानात,” मी म्हटलं.

“मी म्हटलं नव्हतं?” आणि मग आतल्या बाजूला आवाज चढवून: “पार्बताबाई, इतक्या वर्षांत लपवाची जागा नाई बदलली जी तुमी!”

आतून एकदम हसू फुटलं, आणि त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलंच नाही.

ओट्याच्या टोकाला जाऊन मी निखिलला फोन लावला. मला नीट सांगता येईना, तेव्हा पार्बताबाईंनीच डोळे पुसत फोन ओढून घेतला. “पोरा, तुह्या बापानं काई नाई हरवलं. चोर म्या हाय. घेऊन जाचं असन त मले घेऊन जा.”

मी फोन परत घेऊन व्हॉल्व्हचं सांगितल्यावर निखिलनं विचारलं, “नानांनी आधीच सांगितलं होतं?”

“दोनदा.”

“आणि तरी आपण...” एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, “तिकीट रद्द करतो.”

मार्कंडा

दुसऱ्या दिवशी जेवून निघालो. आदल्या रात्री झोपायच्या आधी नानांनी चावी खुंटीला न लावता मुद्दाम पार्बताबाईंपुढे धरली होती. त्यांनी कानाला हात लावले आणि हातभर लांब सरकल्या.

व्याहाडच्या पुढे वैनगंगा ओलांडली, गडचिरोलीहून चामोर्शीचा रस्ता धरला. चामोर्शीत बाजार भरला होता, त्यातून वाट काढत मार्कंड्याला पोचलो. देवळाच्या काळ्या दगडांवर एवढी कोरीव माणसं की बघता बघता मान अवघडते. खाली नदीचं रुंद, शांत पात्र. नाना पायऱ्यांवर बसले. ऊन कोवळं होतं. खूप वेळानं त्यांनी विचारलं, “डोमाजीकडे कधी जायचं गं आपण?”

“आत्ताच तर जाऊन आलो, नाना.”

“हो का?” ते म्हणाले आणि नदीकडे बघत राहिले. आजार कुठे गेला नव्हता. पण मी या वेळी नुसतं उत्तर देऊन थांबले नाही. तलाव, जाळं, मिशी, धानातली चावी, सगळं पहिल्यापासून सांगितलं. पार्बताबाईंच्या चोरीपाशी आले तेव्हा ते खदखदून हसले, ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकल्यासारखे.

आता नाना पुण्याला आहेत. गेल्या आठवड्यात निखिलनं मला कुरिअर पाठवलं. आत दुसरी चावी आणि ती कोडची पट्टी. सोबत चिठ्ठी नव्हती, फोन आला. “उन्हाळ्याच्या आधी नानांना पुन्हा नेऊन आण. दोन्ही चाव्या बरोबर ठेव.”

मागून नानांचा आवाज आला. त्यांनी फोन मागून घेतला. “एकच चावी घे गं. पार्बताबाईंचं आता वय झालंय. दोन-दोन ठिकाणी लपवलेलं त्यांच्या लक्षात राहणार नाही.”